बायकांची फळी

तंबाखूतलं मला शिकवील असा माणूस हुबळीच्या दाजीबानपेठेत अजून जन्मायचाय, असं मी चार माणसांत छाती काढून म्हणत असे. डोळे मिटून पान नाकाशी धरलं तरी ते कुठल्या शिवारातलं आणि किती पाणी प्यालेलं हे मी सांगतो. आता मी तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच सांगायला बसलोय, आणि सांगताना माझा गोंधळ उडाला तर समजून घ्या, कारण तो अजून पुरता संपलेला नाही.

आमचे अप्पा, भीमराव कोठावळे, छप्पन साली निपाणीहून हुबळीला आले. राज्यांची नवी आखणी झाली ते वर्ष. अप्पा म्हणायचे, "निघालो तेव्हा मुंबई राज्य होतं, मांडामांड होईस्तोवर म्हैसूर राज्य झालं. मी तिथंच, तंबाखू तिथंच, राज्य तेवढं फिरलं." त्यांनी दुकानात मालाची जी मांडणी लावली ती मी वसंत, त्यांचा थोरला, कधी बदलली नव्हती. डावीकडे खायचा माल. उजवीकडे ओढायचा माल. आणि समोर खालच्या अंगाला बायकांची फळी. तिच्यावर शिकेकाई, रिठे, राखुंडी, गवला-कचोरा, आणि मिश्रीसाठी काळ्या पानांचे कागदी पुडे. बायांनी ते पान घरी न्यायचं, तव्यावर काळंकुट्ट होईस्तोवर भाजायचं, कुटून डबीत भरायचं आणि सकाळ-दुपार बोटाने दातांना लावायचं. खायचं नाही, ओढायचं नाही. लावायचं. म्हणून ते शिकेकाईशेजारी. अप्पांनी ठेवलं, मी ठेवलं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

त्या फळीची गिऱ्हाइकं बांधलेली. अळणावरकडच्या एका खेड्यातली जनाबाई तर माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची. महिन्यातल्या एका मंगळवारी पॅसेंजरने यायची, पायरीवर बूड टेकायची आणि म्हणायची, "अण्णा, माझं दे की." काय द्यायचं ते विचारावं लागत नसे. आत जाऊन लीलाशी, माझ्या बायकोशी, दोन गोष्टी बोलायची. मागच्या दारी दोघींची मिश्री लावून व्हायची, मग जनाबाई परतीची गाडी धरायची.

आता सरकारचं सांगतो, कारण गोंधळ तिथून सुरू होतो. शेतकऱ्याने तंबाखू पिकवलेली सरकारला चालते. कारखान्याने कर भरलेला तर फारच चालतो. मग त्याच पुड्यावर सडलेल्या तोंडाचं चित्र छापा म्हणतात, आणि तो पुडा विकायला मांडला की मी चोर. आधी चित्रात विंचू होता. तेव्हा लोक विचारायचे, "अण्णा, ह्यात विंचू घालतात काय हो?" पुढे विंचू जाऊन तोंडं आली, तर गिऱ्हाईक म्हणे, "ते तोंडाचं नको, जुना विंचवाचा असला तर बघा." घ्या. विंचू परवडला म्हणायचा.

तेरा सालच्या उन्हाळ्यात गुटख्यावर बंदी आली. मी डावीकडची अर्धी फळी रिकामी केली आणि डोक्याला हात लावून बसलो. चौथ्या दिवशी कंपनीचा एजंट रामचंद्र हसतच दुकानात आला. हातात दोन पुड्या.

"ही सुपारी, ही तंबाखू," तो म्हणाला. "बंदी गुटख्याला आहे, अण्णा. ह्या दोघींना नाही. गिऱ्हाईक तोंडात एकत्र करील, त्याला आपण काय करणार?"

"म्हणजे गुटखाच की."

"नव्हे. वेगवेगळी आहे तोवर नव्हे." त्याने चहा मागवला, माझ्याच खात्यावर. "आधी एक पुडी खपायची, आता दोन. वाईट झालं म्हणता होय?"

मला ते बरं वाटलं की वाईट, हे त्या दिवशी ठरवता आलं नाही. पण कायदा म्हणजे कायदा. अठराच्या आतल्याला मी देत नसे. विशीतलं पोरगं आलं तर पुडा उलटा करून चित्र त्याच्या नाकासमोर धरायचा, "आधी हे बघ, मग पैसे काढ." बघून काही जण परतही जायचे. पेठेतले दुकानदार हसायचे, "कोठावळे, दुकान चालवता का कीर्तन करता?" मी म्हणायचो, मी सांगून विकतो. न सांगता विकणाऱ्यातला मी नव्हे. ह्या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

त्याच पावसाळ्यात लीलाच्या तोंडात खालच्या डाव्या बाजूला, ओठ आणि हिरडीच्या बेचक्यात, एक फोड आला. उष्णता म्हणून तिने सब्जा घेतला, ताक घेतलं, तूप लावून पाहिलं. महिना झाला तरी हटेना. तिखट सोसेना, मग भाकरीची कड सोसेना. लीला कुरकुर करणारी बाई नाही. ती ज्या दिवशी म्हणाली, "अहो, हे मला बरं लक्षण वाटत नाही," त्या दिवशी मी डॉक्टरची चौकशी सुरू केली.

माझ्या साडूने धारवाडला सुभाष रोडवरच्या डॉक्टर राधा कित्तूर यांचं नाव सांगितलं. दातांच्या डॉक्टर, वयाने लहान, हात हलका. डॉक्टरकडे जायचं म्हणून लीलाने त्या दिवशी मिठाने दात घासले आणि ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं. आत गेल्यावर तिला खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं, वर दिवा. तोंड उघडं असलेल्या माणसाला बोलता येत नाही. म्हणून उत्तरं मी दिली.

"तंबाखू? गुटखा? पान?" डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवून विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

"डॉक्टर, मी तंबाखूचा व्यापारी. पण आमच्या घरात कुणी त्याला शिवत नाही. मी स्वतः नाही, मुलं नाहीत. ही तर माजघरात सुपारीसुद्धा ठेवू देत नाही."

"दात काळपट दिसतात."

"वय झालं. आणि बोअरचं पाणी आहे आमच्याकडे."

लीला दिव्याखाली डोळे मिटून पडली होती. तिने ते ऐकलं आणि मान हलवली, हो, असंच. शपथेवर सांगतो, मी खोटं बोललो नाही. तीही बोलली नाही. आम्ही दोघंही अगदी खरं बोललो.

डॉक्टरांनी सवयीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. एक सुळा टोकदार होता, तो घासून गुळगुळीत केला, गोळ्या दिल्या. दातच टोचत असेल तर पंधरा दिवसांत भरून येईल, म्हणाल्या. घरी आल्यावर लीलाने डबी काढली आणि दुखऱ्या बाजूला नेहमीपेक्षा जरा जास्तच मिश्री लावली. ठणक्यावर मिश्री चांगली, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं. आणि त्या महिन्याचं पान मीच दुकानातून आणून दिलं होतं, निवडून, बिनदेठाचं.

पंधरा दिवसांनी फोड होता त्याहून रुंद झाला होता. डॉक्टर बोटाने चाचपत राहिल्या. "कळत नाही," त्या म्हणाल्या. "काही सवय असती तर मी पहिल्याच दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला असता. पण ह्यांना तर काहीच नाही." पुन्हा विचारलं, तिखटजाळ खाता का, चहा कढत पिता का. मी पुन्हा साऱ्याची नीट उत्तरं दिली. त्यांनी आणखी आठ दिवस थांबू या म्हटलं. येताना बसमध्ये लीला खिडकीकडे तोंड करून बसली होती. नवलूर आलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या आईंना असंच झालं होतं ना शेवटी?"

"आईला उष्णतेनं झालं होतं," मी म्हणालो. अप्पांनी मला तेव्हा तसंच सांगितलं होतं. आई शेवटचे दोन महिने पेजेवर होती.

त्यानंतरच्या शुक्रवारी पेठेत तपासणीचं पथक आलं. बाकीच्यांनी शटरं ओढली, मी ताठ बसून राहिलो. भ्यावं कशाला? आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर होते, गोविंद हिरेमठ नावाचे, मऊ बोलणारे, बोलण्यात कानडी-मराठी सारखीच. प्रत्येक पुड्याचं चित्र पाहिलं, अठरा वर्षांची पाटी पाहिली. "फर्स्ट क्लास ऐतरी, फर्स्ट क्लास आहे, कोठावळे," म्हणाले. मी चहा सांगितला. चहा येईस्तोवर त्यांची नजर खालच्या फळीवर गेली.

"हे काय हो?"

"शिकेकाई."

"तिच्या बाजूचं. कागदातलं."

"ते बायकांचं," मी म्हणालो. "मिश्रीचं पान. दात घासायला."

त्यांनी एक पुडा सोडला, वास घेतला, पान चुरडून पाहिलं. "ह्याच्यावर चित्र कुठाय?"

"दात घासायच्या वस्तूवर चित्र कशाला?" मला रागच आला. "उद्या मिठावर चित्र मागाल!"

"म्हणजे हे दंतमंजन?"

"दंतमंजनच."

हिरेमठांनी खुर्ची जवळ ओढली. "मग अवघड झालं की, अण्णा. दंतमंजनात तंबाखू घालायला ब्याण्णव सालापासून बंदी आहे. हे दंतमंजन म्हणून विकत असाल तर तुमचं दुकान माझ्या हातात राहत नाही, प्रकरण वर जातं. तंबाखू म्हणून विकत असाल तर चित्राविना विकली, एवढाच गुन्हा. दंड भरा, मोकळे व्हा. मी काय लिहू, ते तुम्हीच सांगा."

माझं डोकं गरगरलं. दंतमंजन म्हणावं तर तंबाखू घातली म्हणून गुन्हा. पण घातली कुठे? त्यात दुसरं काही नव्हतंच. तंबाखू म्हणावं तर ती खायची नाही, ओढायची नाही, मग ती कुठल्या फळीवर? अप्पांनी ती ह्या फळीवर का ठेवली? मी म्हणालो, लोक लावतात. ते म्हणाले, लावलेलं कुठे जातं? तोंडातच राहतं ना? मी म्हणालो, थुंकतात. ते म्हणाले, जर्दासुद्धा थुंकतात. एकेका वाक्याला मी मागे सरकत होतो आणि मागे भिंत होती. शेवटी माझा तोल गेला.

"अहो, तंबाखूच आहे ती!" मी ओरडलो. "निपाणीची काळी तंबाखू! चाळीस वर्षं माझ्या हाताने निवडतोय, मला विचारता काय? जर्द्यापेक्षा कडक आहे! लिहा तंबाखू!"

"मग झालं की," हिरेमठ म्हणाले आणि लिहायला लागले.

मी मात्र तसाच उभा राहिलो. मी काय बोललो ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं होतं. 'आमच्या घरात कुणी त्याला शिवत नाही.' 'बोअरचं पाणी.' कानडी फॉर्मवर सही मी भलत्याच ओळीवर केली, तेव्हा हिरेमठ म्हणाले, "दंड एवढा काही मोठा नाही, अण्णा." दंडाचं कुणाला पडलं होतं? आईचाही फोड डाव्या बाजूलाच होता. आई मिश्री डाव्या गालात धरायची.

घर दुकानाच्या मागेच. मी गेलो तेव्हा मागच्या दारी लीला चुलीवर लोखंडी तवा ठेवून पान भाजत होती, पदर नाकाला लावून, कारण त्या धुराने ठसका लागतो. एवढा धूर, एवढा वास, चाळीस वर्षं.

"ते उतरव," मी म्हणालो.

"अजून कच्चं आहे."

"लीला, ती तंबाखू आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, ह्याला ऊन लागलं की काय अशा नजरेने. "मग काय चंदन आहे? तुमच्याच दुकानातली तंबाखू. मला माहीत नाही होय?"

"मग डॉक्टरांपुढे मान का हलवलीस?"

"त्यांनी खाता का विचारलं. मी कुठं खाते? मी लावते." तिचा हात तव्यावरच्या पानांवर फिरता फिरता थांबला. तिने एकदा तव्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग जिभेने आतल्या बाजूने गाल हळूच चाचपला, तो फोड होता तिथे, आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

"पहिल्या बाळंतपणात दाढ दुखायला लागली, तेव्हा तुमच्या आईंनी हातात डबी दिली," ती म्हणाली. "मला तोवर ठाऊकही नव्हती. त्यानंतर एक महिना चुकवला नाहीत तुम्ही. एवढे तंबाखूतले शहाणे तुम्ही, एकदासुद्धा नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तू दात घासतेस."

"मलाही तेच वाटलं." तिने तवा खाली उतरवला, पानांवर तांब्याभर पाणी ओतलं. चर्र झालं. "दुकानात येईल त्या पोराला चित्र दाखवता. पेठेत छाती काढून सांगता. माझ्या डबीवर कुठं होतं हो चित्र?"

मी चुलीपाशी बसलो आणि रडलो, एवढंच सांगता येतं. ती रडली नाही. तिने हात धुतले आणि म्हणाली, "उद्या पहिल्या बसने धारवाडला जाऊ. आणि ह्या वेळी उत्तरं मी देणार."

तिने दिली. खुर्चीवर आडवी व्हायच्या आधी, सरळ उभी राहून. डॉक्टर कित्तूरांनी आडवी रेघ खोडली, तिच्यावर 'मिश्री' लिहिलं, मग पेन ठेवून दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "माझ्या आजीकडे होती हो ती डबी," त्या म्हणाल्या. "मी मिश्रीचं विचारलंच नाही." त्याच दिवशी तुकडा तपासायला गेला. कॅन्सरच निघाला. मात्र अजून खाली हाडात उतरलेला नव्हता. उशीर झाला होता, फार नव्हे, असं मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. त्यांच्या त्या 'फार नव्हे'वर आम्ही दोन महिने जगलो. डाव्या बाजूची हिरडी, चार दात आणि ओठाचा कोपरा काढावा लागला. लीला वाचली. बोलताना शब्द थोडे ओघळतात, आणि चारचौघांत ती पदर तोंडावर धरते.

दुकानाचं काय केलं म्हणाल, तर काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. रामचंद्राच्या दोन पुड्या मी बंद केल्या, तर त्या शेजारी जास्त खपायला लागल्या. सगळंच बंद करावं म्हटलं, तर साठीनंतर मला दुसरं येतं काय? मिश्रीचं पान काढून टाकलं, तर बाया विचारायच्या, "का हो? संपलं होय?" मी तंबाखू म्हटलं की त्या हसायच्या. "आम्ही कुठं तंबाखू खातो, अण्णा?" मी समजावून सांगायचो. ज्याने जन्मभर विकलं त्याने समजावून सांगितलेलं कोण ऐकतो? त्या शेजारी जायच्या.

एका मंगळवारी जनाबाई आली. ऑपरेशनच्या धांदलीत तिची-आमची भेटच झाली नव्हती. पायरीवर बसली, गाठोडं सोडलं. "अण्णा, माझं दे की."

मी तोंड उघडणार तेवढ्यात लीला आतून आली. फळीपुढे, जिथे पूर्वी ते पुडे असायचे तिथे, उभी राहिली आणि तोंडावरचा पदर खाली घेतला. दुकानात भर उजेड होता. वाकडा झालेला ओठ, खाली बसलेला गाल, शिवणीची रेघ, सगळं दिसत होतं. तिने ते कुणाला दाखवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आरशातसुद्धा ती बघत नसे.

"मिश्रीनं," ती एवढंच म्हणाली.

मला वाटलं, जनाबाई हसेल, किंवा उठून शेजारी जाईल. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, लीलाच्या अगदी जवळ आली, बोटाने आपलाच खालचा ओठ उलटा केला.

"माझं पण बघ की ग, अक्का," ती म्हणाली. "हितं असा पांढरा चट्टा हाय दिवाळीपास्नं. दुखत न्हाई म्हणून कुणाला दावलं न्हाई."

लीलाने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"शटर ओढा," ती म्हणाली. "आणि धारवाडची बस कितीला आहे ते बघा."